गुडघा दुखतो तो दात्यांमुळे आणि सीटमुळे

बुऱ्हाणपूर शहर तापीकाठच्या सपाटीवर वसलेलं. पण खंडव्याच्या वाटेला लागलं की साधारण २० किलोमीटरवर असीरगड येतो आणि सातपुड्याचा चढ भेटतो. काळ्या सायकलवर तो चढ मारला आणि दुसऱ्या दिवशी गुडघा धरला, की घरचे म्हणतात, ‘बिनगिअरच्या सायकलने गुडघे झिजतात.’ असं नसतं. सायकलवर शरीराचा बराच भार सीट पेलते, म्हणून तर संधिवाताच्या रुग्णालाही डॉक्टर हलक्या हाताने सायकल चालवायला सांगतात.

दुखण्याचं मोठं कारण सीट. ‘बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ हा समज लहानपणीच पक्का होतो, आणि मोठेपणीही सीट खालीच राहते. मग प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. उंची ठरवणं सोपं आहे: पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. साधारणपणे गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर फार वर.

दुसरं कारण दाते. चेनच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दाते असतील, तर २८ इंची चाकावर पायडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ साडेपाच मीटर जाते. मागे २० दात्यांचं फ्रीव्हील बसवलं तर त्याच चढाला जोर दहा टक्के कमी लागतो. जड पायडल रेटल्याने पाय मजबूत होतात असं मानणाऱ्यांना मी आग्रहाने सांगतो, आधी दाते बदला. मिनिटाला ७०-८० हलक्या फेऱ्या गुडघ्याला मानवतात, ४० जड फेऱ्या नाहीत.

फिक्स्ड-गिअर मात्र वेगळी, तिला बिनगिअरची समजू नका. तिला फ्रीव्हीलच नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. व्हेलोड्रोमवरची शर्यतीची सायकल अशीच असते. तिनेही गुडघे आपोआप जात नाहीत. त्रास होतो तो पाय उलटे रोखून सायकल थांबवण्याच्या सवयीने. म्हणून रस्त्यावर पुढचा ब्रेक हवाच. असीरगडाच्या उतारावर ताशी ४० किलोमीटरचा वेग आला, तर ४४-१८ दात्यांवर पाय मिनिटाला १२०च्या वर फेऱ्या घेतात, आणि तिथे ते थांबवता येत नाहीत.