सेवाग्रामची जपानी डफली

वर्ध्याकडच्या शाळेची सहल कुठे जाणार, हे आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. डबे घ्यायचे, रांग करायची आणि आठ किलोमीटरवरचं सेवाग्राम गाठायचं. बापूकुटीत वाकून शिरायचं, साप पकडायचा लाकडी चिमटा पाहून एकमेकांना कोपरं मारायची. संध्याकाळची प्रार्थना झाल्याशिवाय निघायचं नाही, हा आमच्या मास्तरांचा हट्ट. पिंपळाखाली सगळे चिडीचूप बसले की पहिले शब्द यायचे, ‘नम म्यो हो रेंगे क्यो’. आणि आम्ही हमखास फिसकन हसायचो. मास्तर डोळे वटारायचे, पण या शब्दांचा अर्थ त्यांनीही कधी सांगितला नाही.

हे शब्द जपानी आहेत, हे मला फार उशिरा कळलं. सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन, एवढाच त्यांचा अर्थ. गीतेच्या, ईशावास्याच्याही आधी, गांधींच्या प्रार्थनेच्या अगदी तोंडाशी हे शब्द येऊन बसले कसे, याचा माग काढायचा तर नव्वद वर्षं मागे जावं लागतं.

तेराव्या शतकात जपानमध्ये निचिरेन नावाचे आचार्य होऊन गेले. बुद्धाचा धर्म भारतातून पूर्वेकडे आला, तसा तो एक दिवस जपानमधून भारताकडे परत जाईल, असं त्यांचं भाकीत होतं. निचिदात्सु फुजी या भिक्षूंनी ते शब्दशः मनावर घेतलं. 1885 चा जन्म, म्हणजे 1931 मध्ये कलकत्त्याला उतरले तेव्हा पंचेचाळिशी गाठलेली. हिंदी येत नव्हती, ओळखीचं कोणी नव्हतं. हातात डफली आणि तोंडी हा मंत्र, एवढ्या सामानावर ते या देशात हिंडले. 4 ऑक्टोबर 1933 ला वर्ध्यात त्यांची आणि गांधींची भेट झाली. गांधी त्यांना ‘गुरुजी’ म्हणू लागले आणि पुढे सगळा देशच त्यांना फुजी गुरुजी म्हणून ओळखू लागला.

गंमत अशी, की तेव्हा सेवाग्राम नव्हतंच. गांधी सेगावात मुक्कामाला गेले ते 30 एप्रिल 1936 ला, आणि सेगावचं सेवाग्राम झालं 1940 मध्ये. फुजी गुरुजी पुढे निघून गेले, पण त्यांच्या पंथाचा धागा वर्ध्याला राहिला. त्याच धाग्याने आलेला एक जपानी भिक्षू सेवाग्रामच्या आश्रमात राहू लागला. मला त्याच्याविषयीच सांगायचं आहे.

धर्मप्रसारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रवचन देणारा, पत्रकं वाटणारा, माणसं आपल्या बाजूला ओढणारा कोणी तरी येतो. इथे या माणसाने काय केलं? वाट्याला आलेलं काम करायचं आणि रोज ठरल्या वेळी डफली वाजवून मंत्र म्हणायचा. ज्या देशातून बुद्ध जगभर गेला, त्या देशात बुद्ध परत आणायला निघालेल्या पंथाचा हा भिक्षू. पण आश्रमात त्याने कोणाला बौद्ध केलं नाही. उलट त्याचीच प्रार्थना आश्रमाची होऊन गेली.

काळ मात्र भलता होता. 1937 पासून जपान चीनवर बॉम्ब टाकत होता. 1938 मध्ये काँग्रेसने चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परत आलेच नाहीत. 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच गेले. म्हणजे जपान्यांच्या गोळ्यांनी जखमी झालेल्यांवर तिकडे एक मराठी तरुण शस्त्रक्रिया करत होता आणि इकडे वर्धा तालुक्यातल्या एका खेड्यात एक जपानी भिक्षू शांतपणे डफली वाजवत होता. या दोन गोष्टी एकत्र आठवल्या की मला अजूनही गोंधळल्यासारखं होतं.

डिसेंबर 1941 मध्ये जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला आणि हा भिक्षू एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. सरकारने त्याला आश्रमातून नेलं.

जुलै 1942 मध्ये गांधींनी ‘हरिजन’मध्ये जपानी जनतेला उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. चीनवरच्या हल्ल्याबद्दल त्यात खडे बोल आहेत. भारतात याल तर स्वागत होईल या भ्रमात राहू नका, अशी ताकीदही आहे. आणि त्याच पत्रात, अगदी घरच्या माणसाविषयी लिहावं तसा, हा भिक्षू येतो. त्याची कामातली तत्परता, न चुकणारी उपासना, कशानेही न ढळणारा स्वभाव आणि त्याचं हसू, सगळं गांधींनी नोंदवलं आहे. तो गेल्याची चुटपुट आहे. त्याची प्रार्थना आणि छोटी डफली मागे राहिली आहे, सकाळ-संध्याकाळ आमची प्रार्थना तिनेच सुरू होते, असंही लिहिलं आहे. नाव मात्र नाही.

पत्र छापून आल्यावर दोन आठवड्यांत, 9 ऑगस्टला, गांधींनाच अटक झाली. आगाखान पॅलेसमधल्या कैदेत सोबत असलेल्या डॉ. गिल्डर यांच्यामुळे त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत पारशी प्रार्थनेची भर पडली. कुराणातला भाग त्याआधीच रैहाना तय्यबजींकडून आला होता. त्या प्रार्थनेतल्या तुकड्यातुकड्यामागे असं एकेक माणूस उभं आहे. त्यातला पहिलाच तुकडा बिननावाचा.

जाता जाता धर्मानंद कोसंबींची आठवण काढायलाच हवी. गोव्याचा हा माणूस तरुणपणी घर सोडून बुद्ध शोधत थेट सिलोन आणि ब्रह्मदेशापर्यंत गेला, तिथे भिक्षू झाला. अखेरीस अन्न सोडून त्यांनी देह ठेवला तो सेवाग्रामलाच, 4 जून 1947 रोजी. बुद्धासाठी परदेशी गेलेला मराठी माणूस आणि बुद्धासाठी परदेशातून आलेला जपानी माणूस, दोघांच्याही वाटेवर हे एकच गाव. पुढे 1956 मध्ये नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेने विदर्भाचा चेहराच बदलला, पण तो बुद्ध बाबासाहेबांचा, पाली वंदनेचा. जपानी मंत्राशी त्याचा थेट संबंध नाही. हां, फुजी गुरुजींसोबत राजगीरला काही काळ काढून नागपूरकर झालेले भदंत सुरई ससाई मात्र या दोन्ही वाटांना जोडतात.

युद्धानंतर फुजी गुरुजींनी शांतिस्तूपांचा ध्यास घेतला. राजगीरचा स्तूप 1969 चा. वर्ध्यात गोपुरीला, गीताई मंदिराच्या शेजारी, पांढराशुभ्र स्तूप उभा राहिला तो 1993 मध्ये. गुरुजी 1985 मध्येच गेले होते.

त्या स्तूपाजवळच्या विहारात एकदा भिक्षूंनी ती डफली माझ्या हाती दिली. आपल्या ढोलकीसारखं तिला खोड नसतं. गोल कडीवर ताणून बसवलेलं कातडं, खाली लाकडी मूठ, एकूण रूप हातपंख्याचं. एका हातात ती उभी धरायची, दुसऱ्या हातातल्या काठीने वाजवायची. आवाज कोरडा निघतो, घुमत नाही. वजन काहीच नाही म्हणून मी जोरात सुरुवात केली. पाच मिनिटांत मनगट भरून आलं. भिक्षू हसले, डफली परत घेतली आणि जिथून मी ताल सोडला होता तिथूनच त्यांनी तो पुढे धरला.