हातचा एक

पहाटे ५.४५
बंब पेटला की दिवस सुरू. धारा आईकडे, भाकरी माझ्याकडे. आजी चुलीपाशी बसून रोजचं विचारते, "काम्प्युटर शिकतीस म्हणं, मग काम्प्युटर कुठाय गं?" मी वही दाखवते. तिला पटत नाही.

सकाळी ८.१०
कराडची एसटी. विद्यार्थी पासामुळे भाडं एक तृतीयांशच पडतं. जागेची हमी मात्र पासात नसते. आज खिडकी मिळाली.

कॉम्प्युटर डिप्लोमाचं चौथं सेमिस्टर चालू आहे आणि मायक्रोप्रोसेसरचं गेल्या आठवड्याचं प्रॅक्टिकल अडकलंय. ९०, ८०, ७०, ६०, ५० यांची बेरीज करायची. यायला हवे ३५०, आले ९४. वहीत रकाने आखून प्रोग्रॅमची एकेक ओळ हातानं चालवते. आम्ही याला ड्राय रन म्हणतो. १७०, २४०, मग ३००. इथं पेन थांबलं. एएल रजिस्टर आठ बिटांचं, त्यात २५५ च्या वर मावत नाही. २५६ बाहेर गेले, ४४ उरले. त्यात ५० मिळवले की ९४!

बाहेर गेलेला तो एक हरवत नाही, कॅरी फ्लॅगमध्ये जातो. तो उचलायचं मीच विसरले होते. कॅरी फ्लॅगची व्याख्या मला इंग्रजीत तोंडपाठ आहे. तिसरीत बाईंनी शिकवलेला हातचा तो हाच, हे आज एसटीत कळलं.

सकाळी १०
लेक्चरं. जावाचा कन्स्ट्रक्टर फळ्यावर, फळ्यावरून वहीत. "सत्तर मार्कांच्या पेपरात हा येणारच," असं मॅडम म्हणाल्या की मागचे बाकही लिहू लागतात.

दुपारी १२.३०
डबा. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं की नोकरी धरायची, यावर रोजची चर्चा. भाकरी संपते, चर्चा उरते.

दुपारी १.३०
प्रॅक्टिकल. बॅचमध्ये वीस जण, चालू मशीन चौदा. मी सांगते, पार्टनर टाइप करते. ८०८६ ही चिप इंटेलनं १९७८ साली काढली. एवढी जुनी का शिकायची, असं पहिल्यांदा वाटलं होतं. पण तिची रजिस्टरं वहीच्या एका पानावर मावतात, म्हणून तिच्या पोटात काय चाललंय ते हातानं पडताळता येतं.

दोनच ओळी वाढवल्या. कॅरी नसेल तर पुढं उडी मार. असेल तर एएलच्या वरच्या जोडीदारात, एएचमध्ये, एक मिळव. डीबगरमध्ये एकेक पायरी पुढं जात राहिलो. तीनशेच्या पायरीला कॅरीपुढच्या शून्याचा एक झाला. शेवटी या दोघांच्या मिळून एएक्समध्ये, सोळाच्या पायातल्या आकड्यांत, ०१५ई.

सरांनी विचारलं, "एएचमधला हा एक म्हणजे किती?"
"दोनशे छप्पन्न, सर. आणि खालचे चौऱ्याण्णव."
मॅन्युअलवर सही झाली.

सायंकाळी ५.४५
स्टँड. गाडी भरलेली, वही दप्तरातच राहिली.

रात्री ९
जावाचा छोटा प्रोग्रॅम मोबाईलवर चालवून पाहिला. पडद्यावर जेमतेम बारा ओळी दिसतात, म्हणून तोही आधी वहीत लिहिला. आजीला आजची बेरीज दाखवली. ती शाळेत गेली नाही, पण बाजाराचा हिशेब तिचा चुकत नाही. म्हणाली, "हातचा इसरल्यावर दुसरं काय व्हनार?"

तेव्हा कॉम्प्युटर शिकणारं एखादं पोर एसटीत वहीवर बेरजा करताना दिसलं, तर हसू नका. जमलं तर थोडं सरकून जागा द्या.