चिंचेचं गारेगार
उन्हाळ्याचं स्वयंपाकघर : लेखांक ६

गारेगार चोखणाऱ्या पोराच्या हाताकडे कधी नीट बघा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत कांडीतला लाल-नारिंगी रंग आणि सगळा गोडवा ओढला जातो आणि काडीला उरतो नुसता पांढराफटक, बेचव बर्फ. गारेगारवाल्यानं रंग वरूनच लावला असणार, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. बिचाऱ्यावर हा आळ उगाच आहे. साच्यात ओतलं तेव्हा पाणी, साखर, रंग, आंबटपणा सगळं एकजीवच होतं. गोठताना ते वेगळं झालं.

पाण्याचा बर्फ होतो तेव्हा त्याचे रेणू एका ठरावीक मांडणीत बसतात. त्या मांडणीत साखरेला जागा नसते, रंगालाही नसते आणि आम्लालाही. म्हणून बर्फाचा प्रत्येक स्फटिक निव्वळ पाण्याचा असतो, आणि बाकीचा ऐवज घट्ट पाक होऊन स्फटिकांमधल्या फटींत कोंडला जातो. तोंड लावून ओढलं की हा पाक त्या फटींतून बाहेर येतो. स्फटिक जितके मोठे, तितक्या फटी रुंद आणि कांडी तितकी लवकर पांढरी.

घरी केलेली कांडी दगडासारखी होते, दात लागत नाही, गोडवा एका घोटात संपतो, अशी तक्रार लातूर जिल्ह्यातल्या चाकूर-अहमदपूरकडच्या कुठल्याही घरात ऐकायला मिळेल. तिचं मूळ इथंच आहे. आपण सरबत करतो, ते फ्रीजरमध्ये ठेवतो आणि गारेगार व्हावं अशी अपेक्षा करतो. सरबत पिण्याच्या हिशेबाचं असतं. कांडीचा हिशेब वेगळा.

त्यात सगळ्यात आधी साखर. पाण्यात साखर विरघळली की ते शून्य अंशाला गोठत नाही, थोडं खाली जावं लागतं. लिटरभर मिश्रणात सगळी मिळून पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास साखर असेल तर गोठायला सुरुवात होते ती साधारण उणे एक अंशाला. पण सुरुवात झाली म्हणजे सगळं गोठलं असं नाही. पाणी बर्फ होत जातं तसा उरलेला पाक घट्ट होतो, आणि घट्ट पाकाला गोठायला आणखी थंडी लागते. उणे सहा अंशाला अशा कांडीतलं जवळपास पाचवा हिस्सा पाणी अजून पातळच असतं. दात लागतो तो या पाचव्या हिश्श्यामुळं.

म्हणून माप लक्षात ठेवायचं ते हे : फळाची स्वतःची साखर धरून लिटरमागं दीडशे ते दोनशे ग्रॅम. शंभराच्या खाली गेलात तर दगड. तीनशेच्या वर गेलात तर एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये ती नीट धरतच नाही, काडी सुटून हातात येते. आणखी एक. साच्यात ओतण्याआधी चाखाल तेव्हा मिश्रण किंचित जास्त गोड लागलं पाहिजे, कारण थंडीत जिभेला गोड कमी कळतं. वितळलेलं आईस्क्रीम नको इतकं गोड का लागतं, त्याचंही उत्तर हेच.

मिठाच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा. वजनास वजन धरलं तर मीठ गोठणबिंदू साखरेच्या बारा पट खाली ओढतं. सैंधव किंवा पादेलोण चिमूटभर, चवीपुरतं. चमचाभर घातलंत तर सकाळी साच्यात लगदा सापडेल. हाच गुण बाहेरून वापरला की कामाचा. पॉटच्या आईस्क्रीमला लाकडी बादलीत बर्फावर जाडं मीठ टाकतात ते याचसाठी; बर्फ-मिठाचं मिश्रण उणे वीसच्याही खाली जाऊ शकतं. कारखान्यात गारेगारचे साचे अशाच थंडगार खाऱ्या पाण्यात बुडवतात. कांडी झटपट गोठते, स्फटिकांना मोठं व्हायला सवड मिळत नाही. घरच्या फ्रीजरला त्याच कामाला पाच-सहा तास लागतात.

तो वेळ कमी करता येतो. मिश्रण आधी खालच्या कप्प्यात चांगलं गार करून घ्यायचं. साचा प्लॅस्टिकचा नको, स्टीलचे लहान, निमुळते पेले घ्या. धातूतून उष्णता लवकर निघून जाते. बर्फाच्या कप्प्याच्या तळावर चमचाभर पाणी शिंपडून त्यावर पेले ठेवले की ते तळाला चिकटतात आणि थंडी थेट पोचते. जुन्या, बर्फ साचणाऱ्या फ्रीजची लोकांना लाज वाटते, पण या एका कामात तो नव्यापेक्षा सरस ठरतो, कारण त्याचा तळ म्हणजेच गारवा देणारी पत्रा-नळी.

आता फळाकडे येऊ. घरगुती कांडीच्या कृती शोधल्या की स्ट्रॉबेरी, किवी, ब्लूबेरी अशी नावं येतात. चाकूरच्या आठवडी बाजारात एप्रिलमध्ये यातलं काय मिळणार आहे? आणि का मिळावं? कोकमाचं कौतुक मलाही आहे, पण ते कोकणानं करावं. आपल्याकडे चिंच आहे.

निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास लातूरच्याच कास्ती कोथिंबिरीला आणि बोरसुरीच्या तूरडाळीलाही. फेब्रुवारी-मार्चपासून झाडं झोडपली जातात, मग ओसरीवर बायका चिंच फोडत बसतात. टरफल एकीकडे, चिंचोके दुसरीकडे, शिरा ओढून काढलेला गर तिसरीकडे. हा गर कांडीसाठी जणू बेतूनच केलाय. आंबट फळं बहुधा पिकली की गोड होतात आणि आंबटपणा सोडतात. चिंच पिकली तरी तिचं टार्टरिक आम्ल शाबूत राहतं आणि वर साखरही भरपूर येते. शिवाय गर दाट. दाटपणामुळं पाण्याचे रेणू मोकळेपणानं फिरत नाहीत, स्फटिक लहान राहतात. चिंचोक्याची तर आणखीच गंमत. त्याच्या पिठाची खळ आपल्याकडे घोंगडीला देतात. त्याच चिंचोक्यातून काढलेला डिंकासारखा पदार्थ जपानमध्ये कित्येक दशकं आईस्क्रीम मऊ ठेवायला वापरतात. आपण चिंचोके सारीपाटाला आणि घोंगडीला ठेवले.

कृती अशी. बिनबियांची चिंच 80 ग्रॅम, दोन वाट्या गरम पाण्यात तासभर भिजू द्या. हातानं कुस्करून गाळणीतून कोळ काढा. चोथ्यावर पुन्हा थोडं पाणी घालून दुसरा कोळ काढा, पहिल्या हातात अर्धा माल आतच राहतो. 160 ग्रॅम गूळ वाटीभर पाण्यात विरघळवून, उकळून, गाळून घ्या. गुळात काडी-कचरा असतोच. दोन्ही एकत्र करून पाण्यानं लिटरभर करा. भाजून भरडलेलं जिरं एक चमचा, चिमूटभर पादेलोण. झालं. गूळच का? गुळात साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. त्यांचे रेणू साखरेच्या निम्म्या वजनाचे, म्हणजे तेवढ्याच वजनात संख्येनं दुप्पट, आणि गोठणबिंदू खाली नेण्यात संख्याच मोजली जाते. गुळाची कांडी साखरेच्या कांडीपेक्षा जराशी नरम होते ती यामुळं.

कैरीचंही याच वळणानं. उकडलेल्या किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या कैरीचा पाव किलो गर, पावणेदोनशे ग्रॅम साखर किंवा गूळ, वेलदोडा आणि लिटरला पुरेल इतकं पाणी. पन्हं आपण पातळ करतो, कांडीसाठी ते तसंच दाट ठेवायचं. केसर आंब्याला काहीच करावं लागत नाही. रस मुळात गोड आणि दाट, पावपट पाणी घालून ओता. कलिंगड मात्र फसवं. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आणि साखर जेमतेम सहा-सात टक्के. नुसता रस गोठवला की दगडच. लिटरला शंभर ग्रॅम साखर घालावी लागते, लिंबू पिळावं लागतं, आणि इतकं करूनही मला विचाराल तर कलिंगड फोड करून खावं.

ऊस हे मात्र लातूरकरांचं हक्काचं. ताज्या रसात साखर साधारण पंधरा ते अठरा टक्के, म्हणजे वर सांगितलेल्या मापात तो आपसूकच बसतो. वरून साखरेचा कण घालायला नको. रसवंतीवर बिनबर्फाचा रस मागायचा, घरी येताच लिंबू पिळायचं म्हणजे त्याचं काळवंडणं मंदावतं, आल्याचा तुकडा ठेचून घालायचा आणि लगेच साच्यात. जमलं तर उसाच्याच सोललेल्या कांड्याची उभी फाक काडी म्हणून खोचा. शेवटी चघळायला होते.

पाल्याचं काय? चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळचं बेट औषधी वनस्पतींसाठी दूरवर ठाऊक आहे. संजीवनी बेट म्हणतात त्याला. तिथली झाडं बघायला जरूर जा, पण कांडीसाठी तिथून काही खुडून आणू नका. दुर्मिळ झाडं तोडण्यासाठी नसतात, आणि औषधी म्हणजे पोटभर खाण्याजोगी असं काही नाही. कांडीला परसातलं आणि भाजीबाजारातलं पुरतं : पुदिना, तुळस, गवती चहा, आलं, कोथिंबीर, सब्जा.

पुदिन्यानं गार वाटतं ते मेंथॉलमुळं, असं सरसकट सांगितलं जातं. मेंथॉल खरोखरच जिभेवरच्या गारव्याच्या संवेदनेला चाळवतं, पण ते भरपूर असतं तेलासाठी उत्तर प्रदेशात शेतीवर लावतात त्या पुदिन्यात. चटणीच्या जुडीत ते बेताचंच. तिथं काम करतो तो वास. आणि वास थंडीत दबतो. म्हणून सरबताला दहा पानं लागत असतील तर कांडीला वीस घ्या. पानं मिक्सरमध्ये कच्ची फिरवली की तासाभरात काळपट होतात. उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात टाकली तर हिरवी राहतात. गवती चहाचं उलट. तो पाकात उकळून गाळायचा, नाहीतर दातात अडकतो. तुळस पाक कोमट झाल्यावर घालावी आणि थोडीच, नाहीतर कांडीला काढ्याची चव येते आणि पोरं पळून जातात. सब्जा वेगळा भिजवून, फुगल्यावर, मिश्रण अर्धवट धरलं की मिसळायचा. आधी घातला तर सगळा तळाला बसतो. कैरीच्या कांडीत कोथिंबीर ऐकायला विचित्र वाटेल. कोवळी, बारीक चिरून, जिऱ्याबरोबर घालून बघा.

पाण्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं तो हा जिल्हा. टँकर, बोअर, जार, उन्हाळ्यात पाणी येईल तिथून येतं आणि गोठवल्यानं ते शुद्ध होत नाही. जंतू थंडीत बहुधा नुसते निपचित पडतात. हातगाडीवरच्या गारेगारच्या रंगाला सगळे नावं ठेवतात, मला त्यातल्या पाण्याची आणि बर्फाची जास्त काळजी वाटते. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम 2018 मध्ये आला, तो याच कारणानं. घरी कांडीचं सगळं पाणी उकळून गार केलेलंच वापरायचं. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा साकाही त्यात खाली बसतो, वरचं निवळ ओतून घ्या.

काडी ओतल्याबरोबर खोचू नका, आडवी पडते. तासाभरानं, कडा धरल्या की उभी राहते. काडीची कल्पना अमेरिकेतल्या फ्रँक एपर्सनची म्हणतात. अकरा वर्षांचा असताना, 1905 मध्ये, सरबताचा पेला ढवळणीसकट रात्रभर थंडीत बाहेर राहिला आणि सकाळी कांडी तयार होती, अशी त्याची गोष्ट सांगतात. पेटंट मात्र त्याला 1924 मध्ये मिळालं. आपल्याकडे बाहेर ठेवून बर्फ व्हायची सोय नाही, त्यामुळं फ्रीज आणि वीज.

आणि वीज जाणार. कप्पा उघडायचा नाही, दोन-तीन तास निघतात. त्याहून जास्त गेली, कांड्या पेल्यात हलू लागल्या, तर पुन्हा गोठवायच्या भानगडीत पडू नका. अर्धवट वितळून पुन्हा गोठताना लहान स्फटिक विरतात आणि मोठे आणखी मोठे होतात. सकाळी तोच पांढरा दगड हाती येईल. सगळे पेले एका पातेल्यात रिकामे करा, तेवढंच पाणी घाला, मीठ-जिरं बघा आणि घरात असतील तितक्यांना सरबत वाढून मोकळे व्हा.