डिस्कोचा खर्ज

‘कुर्बानी’ आणि ‘शान’ या १९८० सालच्या चित्रपटांतील डिस्को गीतांचा दाखला घेतला, तर नाझिया हसन आणि सांगलीच्या मातीत जन्मलेल्या आशा भोसले यांचे स्वर प्रथम आठवतात, हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या आधारावर ते स्वर निःशंकपणे विहरतात आणि ज्याच्यामुळे श्रोत्याची पावले नकळत ताल धरतात, तो आधार बेस गिटारचा असतो. तंबोऱ्यांसाठी सर्वत्र लौकिक पावलेल्या आणि २०२४ साली जिच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन लाभले त्या मिरजेच्या मुलखास खर्जाच्या तारेचे माहात्म्य निराळे सांगावयास नको.

डिस्कोची रचना वरकरणी सोपी आहे. मिनिटास साधारणतः ११० ते १२५ मात्रांची गती, प्रत्येक मात्रेवर मोठ्या ड्रमचा ठोका, दोन मात्रांच्या मध्यावर हाय-हॅटचा उघडा झंकार, आणि या साऱ्याखाली एकच स्वर खालच्या व वरच्या सप्तकांत आळीपाळीने वाजविणारा बेस. मात्र स्वर केव्हा छेडला याइतकेच तो केव्हा थांबविला यालाही येथे महत्त्व आहे. डाव्या हाताचे बोट तारेवरून किंचित सैल करून वादक जी क्षणमात्र शांतता निर्माण करतो, तीतूनच नृत्याची उसळी जन्मते. ‘शिक’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९७९ सालच्या ‘गुड टाइम्स’मधील बर्नार्ड एडवर्ड्स यांचे वादन या दृष्टीने अभ्यासावे.

अशा गीताचे घरी ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्यास व्हायोलिनांचा ताफा बोलाविणे परवडत नाही आणि ड्रमचा संच शेजारधर्मास मानवत नाही. बेस मात्र वायरीने थेट ऑडिओ इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटला जोडता येतो. मायक्रोफोनच मध्ये नसल्याने साताऱ्याजवळून जाणाऱ्या पुणे-बेंगळुरू महामार्गावरील मालमोटारींची घरघर किंवा पत्र्यावरचा पाऊस मुद्रणात शिरत नाही.

एका उपद्रवाचा बंदोबस्त मात्र आधीच करावा लागतो. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असून बेसच्या सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर सुमारे ४९ आवर्तनांचा आहे. त्यामुळे विजेची गुणगुण एकदा मुद्रित झाली की ती गाळताना तो स्वरही क्षीण होतो. अर्थिंग तपासून घ्यावे, लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवावा, आणि वादकाने संगणकाच्या पडद्यापासून दूर बसून, गुणगुण सर्वांत कमी येईल अशा दिशेस वाद्य वळवावे.

ड्रमचा ठेका संगणकावर आधी बांधून हेडफोनमधून ऐकवावा, ध्वनीची उच्चतम पातळी शून्यापेक्षा दहा-बारा डेसिबल खाली ठेवावी, आणि गीत आरंभापासून शेवटपर्यंत सलग वाजवून घ्यावे. चार मात्रांचा तुकडा मुद्रित करून तोच पुनःपुन्हा चिकटविण्याची सोय मोहक खरी. परंतु कडव्यात संयमाने वाजणारा आणि ध्रुवपदाकडे येताना हळूहळू आग्रही होणारा हात त्या सोयीत हरवतो. यंत्राने वाजविलेल्या बेसचेही स्वतंत्र सौंदर्य आहे, हे डॉना समर यांच्या १९७७ सालच्या ‘आय फील लव्ह’ने सिद्ध केले, तथापि ज्यास त्या काळातील वाद्यवृंदाची ऊब हवी आहे, त्याने महागड्या सामग्रीची तजवीज करण्यापूर्वी आपल्याच गावच्या ऑर्केस्ट्रातील बेसवादकास सन्मानाने पाचारण करावे आणि त्याचे मानधन हीच आपल्या अंदाजपत्रकातील पहिली रक्कम मानावी.