खोक्याचा कॅमेरा
चांगल्या फोटोसाठी महागडा कॅमेरा लागतोच का? आम्ही बुटांच्या खोक्याला ०.५ मिलिमीटरचे भोक पाडले आणि १५ सेंटिमीटरवर, समोरच्या बाजूला आतून, फोटोचा कागद लावला. भिंग नाहीच! तरी जवळची पायरी आणि दूरचे झाड सारखेच स्पष्ट उमटले (काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल होऊन, अर्थात). मात्र भोकाचा व्यास अंतराच्या तीनशेवा भाग. एफ/८ वर ठेवलेल्या भिंगापेक्षा कागदावर प्रकाश सुमारे १४०० पट कमी. म्हणून भर उन्हातही भोक मिनिटभर उघडे ठेवावे लागले. भोक मोठे केले तर चित्र पुसट. फार बारीक केले तर विवर्तनामुळे पुन्हा पुसटच. पायरीवर स्वस्थ बसलेल्या आजी छान आल्या. अंगणात पळणारी मुले कागदावर नाहीतच; त्यांच्यासाठी भिंगाचा कॅमेरा मागून आणावा लागला.