आटे पाडावेत, पण मोजून!

हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रेलरची डागडुजी सुरू होते. ज्या सभासदांच्या शेडमध्ये लहानसा लेथ आहे, ते बोल्ट घरच्या घरी करून घेतात. गोष्ट चांगलीच आहे. पण आट्यात चूक राहिली, तर भरल्या ट्रेलरच्या हादऱ्यांत तोच बोल्ट दगा देतो. म्हणून आमचे हे चार शब्द.

पहिली गफलत इंच आणि मिलिमीटरची. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांची मापे ठरवून दिली. त्या मापाच्या चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची बोल्टला इंचात १२ आटे, कोन ५५ अंश. मेट्रिक १२ मिलिमीटरच्या बोल्टला दर १.७५ मिलिमीटरला एक आटा, कोन ६० अंश. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच! एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन आटे चढतो आणि अडकतो. तिथे पान्याला पाइप लावून जोर केला, की आटे मेलेच म्हणून समजा. तेव्हा आधी पिच गेज लावा, मगच लेथ सुरू करा.

जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंची असतो. समजा, त्याला इंचात ८ आटे आहेत. १२ आटे पाडायचे तर स्पिंडलकडे ४० दात्यांचा गिअर आणि लीड स्क्रूवर ६० चा. हिशेब सरळ आहे. १.७५ ला मात्र ७० आणि १२७ ची जोडी लागते. कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७. जवळपासचा गिअर घालून भागवले, तर फरक आट्यागणिक वाढत जातो.

असे मेट्रिक आटे पाडताना हाफ नट उघडू नका. फेरी संपली की हत्यार बाहेर घ्या आणि लेथ उलटा फिरवून मागे आणा. नाहीतर हत्यार जुन्या चरीत पडेलच असे नाही.

पहिली फेरी नुसती रेघ उमटेल इतकीच घ्या आणि तिच्यावर गेज धरून पाहा. चूक असली तर गिअर बदलता येतो, तुकडा वाया जात नाही. शेवटी नट हाताने चढला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

आणि एक सांगणे. हूक व ब्रेकचे बोल्ट घरी करू नका. डोक्यावर ८.८ सारखा ताकदीचा शिक्का असलेले, उत्पादकाने सांगितलेले बोल्टच विकत आणा. साध्या सळईचे आटे कितीही बरोबर पडले, तरी तिच्यात तेवढी ताकद येत नाही.