भावंडांची वाट: जपानची आणि आळंदीची

जपानी अद्भुत मांगा-ॲनिमेतली भावंडं बहुधा पोरकी झाली की घराबाहेर पडतात. हिरोमू अराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मध्ये (२००१–२०१०) एडवर्ड आणि अल्फोन्स हे एल्रिक भाऊ गेलेल्या आईला किमयेनं परत आणू पाहतात. त्यात एडवर्डचा पाय जातो, अल्फोन्सचं अख्खं शरीरच नाहीसं होतं. धाकट्याचा जीव निदान चिलखतात तरी बांधून ठेवावा, म्हणून थोरला एक हातही देऊन बसतो. मग दोघं स्वतःचं घर जाळून परिसाच्या शोधाला लागतात. कोयोहारू गोतोगे यांच्या ‘डेमन स्लेयर’मधला (२०१६–२०२०) तांजिरो राक्षसी झालेल्या बहिणीला, नेझुकोला, उन्हापासून जपत पाठीवरच्या लाकडी पेटीतून नेतो.

मराठीत अशी गोष्ट सातशे वर्षांपासून सांगितली जाते. भातकापणी उरकून पेण-रोह्याकडून कार्तिकीला आळंदी गाठणाऱ्या वारकऱ्याला ती तोंडपाठ असते. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. परंपरा सांगते की आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि ही चौघं शुद्धिपत्रासाठी पैठणला निघाली.

दीक्षा मात्र त्याआधीच झालेली होती. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्ती चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचला. तिथं मिळालेलं त्यानं ज्ञानदेवांना दिलं. खरा फरक इथंच आहे. तांजिरोला उरोकोदाकी, एल्रिक भावांना इझुमी कर्टिस असे गुरू घराबाहेर भेटतात. आळंदीच्या घरात थोरला भाऊच गुरू. शिवाय वयाचा मानही तिथं चालत नाही. लोकांच्या बोलण्यानं व्यथित होऊन ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा दाराबाहेर उभं राहून त्यांना चार गोष्टी ऐकवल्या त्या सगळ्यांत धाकट्या मुक्ताबाईनं.

जे मिळवायला निघायचं ते वाटेत मागं पडतं, हे दोन्हीकडे सारखं. परीस माणसांच्या जिवांतून बनतो हे कळल्यावर एल्रिक भाऊ त्याचा नाद सोडतात. शेवटी एडवर्ड आपली किमयाच देऊन भावाला सोडवतो. पैठणच्या शुद्धिपत्राचं पुढं काय झालं, हे आज कुणी विचारत नाही. मागं उरली ती नेवाशाला १२९० मध्ये पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी.

पुढं चौघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. सोपानदेवांची समाधी सासवडला, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरी, तर मुक्ताबाईचं स्थान तापीकाठी आहे. एडवर्ड आणि अल्फोन्सही अखेरीस एक पश्चिमेला, एक पूर्वेला असे निघून जातात.